अक्कांपासून लपवलेली शुगर

गेली सहा वर्षं मी रावेरच्या एका लॅबमध्ये लोकांच्या हातातून रक्त काढते. 'काही होत नाही काकू, मुंगी चावल्यासारखं वाटेल,' हे वाक्य दिवसातून चाळीस वेळा तरी माझ्या तोंडून जात असेल. त्यामुळे माझी अशी समजूत झाली होती की आजार टेबलाच्या पलीकडे बसतो आणि मी अलीकडे. गरोदरपणाच्या सव्विसाव्या आठवड्यात मी पलीकडे जाऊन बसले. पुढे जे झालं ते लिहून काढतेय, कारण हल्ली एखादी गरोदर बाई ग्लुकोजचं पाणी पिऊन आमच्या बाकावर बसली की मला तिला बरंच काही सांगायचं असतं, आणि मागे माणसं ताटकळलेली असली की काहीच सांगता येत नाही.

माझंच सॅम्पल

त्या दिवशी ते पाणी मीही प्याले. दोन तासांनी आमच्या लॅबच्या सरांनी माझं रक्त काढलं आणि सॅम्पल मी स्वतः मशीनला लावलं. आकडा आला तेव्हा मशीन बिघडलंय असं वाटलं. पुन्हा लावलं, तोच आकडा. मग वाटलं ट्यूब बदलली असेल. पण त्या सकाळी ग्लुकोज प्यालेली बाई मी एकटीच होते. तिसऱ्यांदा लावायला गेले तर सर म्हणाले, "त्या मशीनला आता सोड, त्याची काही चूक नाही."

मग मी मागच्या खोलीत जाऊन रडले आणि दहा मिनिटांनी बाहेर येऊन एका आजोबांचं रक्त काढलं. त्यांनाही मुंगीचं वाक्य सांगितलं.

जळगावच्या डॉक्टर मॅडमनी मला शांतपणे समजावलं. हा गरोदरपणातला मधुमेह आहे, बहुतेकींचा बाळंतपणानंतर जातो, खाणं सांभाळायचं, रोज चालायचं, घरी बोट टोचून शुगर बघायची. मी सगळं वहीत उतरवलं. शेवटी त्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या. फ्लूची लस घ्या, आणि ताप-खोकला आला तर घरी वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. या दोन मी वहीत लिहिल्या नाहीत, नुसती मान हलवली. पुढच्या भेटीत त्यांनी लसीचं पुन्हा विचारलं. माझं डोहाळजेवण आठ दिवसांवर आलं होतं, हिरव्या साडीवरचं ब्लाऊज आधीच दंडात घट्ट होत होतं, त्यात दंड सुजला तर, असा विचार करून मी 'पुढच्या वेळी घेते' म्हटलं. कारण लिहितानाही लाज वाटते, पण कारण तेच होतं.

योगेशचं वजन

आमचं घर केळीवाल्यांचं. मी मूळची धुळ्याची, लग्न करून रावेर तालुक्यातल्या या गावी आले. घरात माझा नवरा योगेश, सासरे आबा आणि सासूबाई. सासूबाईंना सगळं गाव अक्का म्हणतं, म्हणून मीही अक्काच म्हणते. अक्कांच्या आईला शुगर होती आणि त्यात तिचा पाय गेला. अक्कांनी दोन वर्षं माहेरी जाऊन-येऊन ती जखम धुतली. आमच्याकडे शुगर हा शब्द कुणी उच्चारला की अक्का उठून दुसऱ्या खोलीत जातात.

म्हणून योगेशने आणि मी ठरवलं की अक्कांना सांगायचं नाही. बाळंतपणानंतर जाणारच आहे, उगाच त्यांच्या जिवाला घोर कशाला. धुळ्याला माझ्या आईला मात्र मी त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं. सगळं चांगलं होईल असा आईने अहिराणीत धीर दिला, "घाबरू नको माय, बठ्ठं चांगलं व्हई जाई." आईला सांगायला मला विचार करावा लागला नाही आणि अक्कांना न सांगायला आम्ही दोघांनी बसून विचार केला, यात काही खटकण्यासारखं आहे हे तेव्हा लक्षात आलं नाही.

लपवणं सोपं नव्हतं. अक्का सकाळी तुपातला शिरा करायच्या, माझ्या उशाशी घरच्या बागेतली केळी ठेवायच्या आणि म्हणायच्या, "दोन केयं खाय वं माय, पोराले ताकद येते." आमच्या भागात केळं ही गोड वस्तू आहे असं कुणी मानतच नाही. ते घरचं असतं, मोजायचं नसतं. मी मान डोलवायची आणि अक्का वळल्या की ताटली योगेशकडे सरकवायची. केळीच्या बागेत जन्म काढल्यामुळे योगेशला केळ्याचा वाससुद्धा सोसत नाही, पण त्याने नाक मुरडत माझ्या वाटची केळी खाल्ली, शिरा खाल्ला, डिंकाचे लाडू खाल्ले. महिन्याभरात त्याचं वजन चार किलोने वाढलं. आबा त्याला म्हणाले, "दिवस तिले गेले का तुले?" मी मात्र ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि पालेभाजी खाऊन, शेताच्या बांधावर फिरून, शुगर आटोक्यात ठेवली होती. शुगर बघायचं यंत्र शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांच्या खाली होतं. मला आमच्या हुशारीचा अभिमानच वाटत होता.

घास

सातवा सरताना डोहाळजेवण झालं. झोपाळ्याला केळीचे खांब बांधले होते आणि अक्कांनी अख्ख्या गल्लीला बोलावलं होतं. आमच्याकडे ओटी भरून झाली की प्रत्येक बाई आपल्या हाताने गरोदर बाईला घास भरवते. घास नाकारायचा नसतो, तो बाळाला जातो असं म्हणतात. मी पुरणपोळीचे, बासुंदीचे, जिलबीचे घास घेतले. एक दिवस चालेल, उद्या जास्त चालेन, असं स्वतःला सांगितलं.

अक्कांच्या धाकट्या बहीण, आमच्या मावशी, भडगावहून आल्या होत्या. त्यांना खोकला होता. बसमधली धूळ बाधली म्हणाल्या, पदर तोंडाला लावून खोकल्या आणि त्याच हाताने मला पाच घास भरवले, एकेका घासाला एकेक आशीर्वाद देत. दोन बायका आणखी नाक पुसत होत्या. हिवाळ्यात कोण नाक पुसत नाही? विषाणू नेमका कुणाकडून आला हे कधीच कळलं नाही आणि मॅडमनी ते शोधूही नका म्हणून बजावलं. मावशींना मात्र ते आपल्यामुळेच झालं असं आजही वाटतं. मी दवाखान्यात होते तेव्हा त्या रोज योगेशला फोन करून रडायच्या आणि तो त्यांची समजूत काढत बसायचा.

नऊ ग्लास

तिसऱ्या दिवशी घसा धरला. मग ताप, मग अंग असं ठणकायला लागलं की कुशीवर वळताना ओरडावंसं वाटे. मी तापाची गोळी घेतली आणि 'साधा सर्दी-ताप आहे' असं सगळ्यांना सांगितलं. वहीत न लिहिलेली गोष्ट मला आठवत होती. पण दवाखान्यात गेलं की शुगरचा विषय निघणार, सोबत अक्का येणार, मग सगळंच उघडं पडणार. एक दिवस बघू, असं करत तीन दिवस गेले.

त्या तीन दिवसांत अक्कांनी मला गवती चहा, तुळस, आलं, मिरे आणि भरपूर गूळ घालून काढा दिला. दिवसातून तीनदा, मोठा ग्लास भरून. ग्लास रिकामा होईपर्यंत त्या पलंगाशी उभ्या राहायच्या, एक हात माझ्या कपाळावर. "पी वं माय, घसा मोकया व्हईन." बागेत केळीची कापणी चालू होती, योगेश पहाटे जायचा तो दिवे लागल्यावर यायचा, त्यामुळे माझ्या वाटचा गूळ प्यायलाही कुणी नव्हतं. ते नऊ ग्लास मीच प्याले. गुळाने काय होतं हे मला पाठ आहे. दुसऱ्यांचे रिपोर्ट मी रोज छापते. तरी एवढ्या मायेने समोर धरलेला ग्लास परत कसा करायचा ते मला कळेना, आणि खरं कारण सांगायची हिंमत होईना. शुगर तपासणंही मी बंद केलं, कारण आकडा काय येईल हे न बघताही माहीत होतं.

चौथ्या सकाळी मोरीतून खोलीपर्यंत आले आणि उंबऱ्यातच बसले. दहा पावलांत धाप लागली होती. योगेशला फोन केला तर एक वाक्य एका दमात पुरं होईना. आणि एक गोष्ट मी त्याला फोनवर सांगितलीच नाही. सकाळपासून बाळ नीटसं हललं नव्हतं.

योगेश चिखलाच्या पायांनी धावत आला. कोरोनाच्या वेळचा ऑक्सिमीटर कपाटात होता, तो त्याने माझ्या बोटाला लावला. नव्वदच्या आसपास. मग त्याने अक्कांच्या देखत शिलाई मशीनचा खण उघडला आणि शुगरचं यंत्र काढलं. त्यावर तीनशेच्या वरचा आकडा आला. अक्का दारात उभ्या राहून ते यंत्र बघत होत्या. त्यांच्या आईकडे असलंच एक होतं.

रावेर ते जळगाव

गाडीत मागच्या सीटवर मी अक्कांच्या खांद्याला टेकून बसले होते. योगेशने गाडी चालवता चालवता, मागे न बघता, सगळं सांगितलं. दीड महिन्यापासून शुगर आहे, तुला घोर नको म्हणून सांगितलं नाही. भुसावळ मागे पडलं. अक्कांचा हात माझ्या पाठीवरून सारखा फिरत होता, एकदाही थांबला नाही. त्या रागावल्या असत्या तर मला जास्त बरं वाटलं असतं.

दवाखान्यात मला वेगळ्या खोलीत ठेवलं. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, एका हाताला सलाईन, दुसऱ्या हाताच्या बोटांना तासातासाला टोचणं. पोटाला पट्टा बांधून बाळाचे ठोके लावले. ते ऐकू आले तेव्हा मी मास्कच्या आत हुंदके दिले आणि सिस्टरने दटावलं की रडण्यात ऑक्सिजन वाया घालवू नका.

तपासणीत फ्लू निघाला. मॅडमनी मला आणि योगेशला जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. पोटात बाळ वाढलं की फुफ्फुसांना पसरायला जागा कमी उरते आणि अंगाची लढाईही थोडी मऊ पडते. त्यात शुगर वाढलेली असली की विषाणूचं फावतं. आणि ताप आला की शुगर आणखी चढते. दोघं एकमेकांना हात देतात. बत्तीस आठवडे झाले होते. माझा श्वास सुधारला नाही तर दोघांच्या जिवासाठी बाळाला लगेच बाहेर काढावं लागलं असतं. त्या तयारीसाठी, बाळाची फुफ्फुसं लवकर पिकावीत म्हणून, मला दोन इंजेक्शनं दिली. त्या इंजेक्शनांनी माझी शुगर आणखी वाढणार होती आणि ती उतरवायला इन्सुलिन लागणार होतं.

मॅडम म्हणाल्या, "आजचा आणि उद्याचा दिवस महत्त्वाचा. बाळाला सध्या बाहेरची हवा नकोय, तुमचीच हवीय."

भीती कशी असते ते कुणी विचारलं तर मी सांगेन की मला मरणाची भीती वाटायला सवडच नव्हती. मी फक्त पुढचा श्वास घेत होते. एक घेतला की पुढचा.

लवंगा

दुपारी धुळ्याहून आई आली. माझ्याजवळ एकालाच थांबता येत होतं. बाहेर काय झालं ते मला नंतर सिस्टरने सांगितलं. आई अक्कांना म्हणाली की माझ्या शुगरच्या पोरीला तुम्ही तीन दिवस गूळ पाजला. 'मला माहीत नव्हतं' एवढं अक्का म्हणाल्या असत्या तरी पुरलं असतं, पण त्या म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळाने आईच खाली बसली. नंतर तिने माझ्यापाशी कबूल केलं की मला माहीत असून मी गप्प राहिले, तो राग मी त्यांच्यावर काढला.

आत कोण थांबणार यावर आईने आणि योगेशने बराच घोळ घातला. अक्कांनी तो ऐकून घेतला, मास्क लावला आणि आत येऊन बसल्या.

त्यांनी माझं पांघरूण पायांवर ओढलं. मग मास्कच्या आडून हळू आवाजात विचारलं, "तुह्या आईले माहीत व्हतं?"

मी मान हलवली.

"मंग मी कोन व्हती?"

मास्कमुळे मला उत्तर द्यावं लागलं नाही. योगेश म्हणतो त्यात आमचा हेतू चांगला होता. हेतू चांगलाच होता, पण अक्कांना आम्ही घरातलं लहान मूल ठरवून टाकलं होतं. आईची जखम दोन वर्षं धुणारी बाई शुगरला घाबरते म्हणून कमजोर असेल, हे आम्ही आपलं आपण ठरवलं. खरं तर तिलाच या आजाराची सगळ्यात जास्त ओळख होती. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर त्यांनी गल्लीतल्या एकाही बाईला माझ्या तोंडापर्यंत हात आणू दिला नसता.

सिस्टरने बाळाची हालचाल मोजायला सांगितलं होतं. दोन तासांत दहा वेळा हललं पाहिजे. माझं ध्यान श्वासात, मला आकडा लक्षात राहीना. अक्कांनी कमरेची छोटी पिशवी काढली, त्यातल्या दहा लवंगा जेवणाच्या डब्याच्या झाकणात मांडल्या आणि एक हात माझ्या पोटावर ठेवला. बाळ हललं की एक लवंग झाकणातून डब्यात. पहिल्या दोन तासांत सहाच गेल्या. अक्कांनी स्वतः जाऊन सिस्टरला झाकण दाखवलं. सिस्टरने मॅडमना बोलावलं, पुन्हा पट्टा लावला, मला डाव्या कुशीवर वळवलं, ऑक्सिजन वाढवला. मॅडमनी ऑपरेशन थिएटर तयार ठेवायला सांगितलं, ते मी ऐकलं. अक्कांनीही ऐकलं. त्यांनी लवंगा पुन्हा मांडल्या.

पुढच्या दोन तासांत आठ गेल्या. त्यानंतर दहा, तेही दीड तासात. दहावी लवंग डब्यात पडली तेव्हा अक्का पोटाकडे बघून म्हणाल्या, "शहानं हाये माझं."

दुसऱ्या दिवशीही थिएटर तयारच होतं. ताप उतरत होता आणि पुन्हा चढत होता. तिसऱ्या सकाळी ऑक्सिजन कमी करून बघितला आणि माझा श्वास टिकला. शुगरही खाली आली. मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या की आता बाळाला आणखी काही दिवस आत राहू द्यायला हरकत नाही. मी नऊ दिवसांनी घरी गेले. इन्सुलिनचं पेन सोबत आलं आणि ते शिलाई मशीनच्या खणात गेलं नाही. फ्रिजच्या दारात, सगळ्यांना दिसेल असं राहिलं.

अक्कांनी घरातला गूळ शेजारी देऊन टाकला. सगळ्यांनाच बिनसाखरेचा चहा सुरू झाला. आबांनी दोन दिवस सोसलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं की यात माझा काय गुन्हा. अक्का म्हणाल्या, गुन्हा कुणाचाच नसतो, चहा प्या.

ज्यांच्यासमोर आता हे सगळं आहे त्यांना एवढंच सांगते. लस घ्या, ब्लाऊजचं नंतर बघता येतं. खोकणाऱ्या माणसाचा घास नाकारला तर बाळाला काही लागत नाही. आणि तापाच्या पहिल्या दिवशीच डॉक्टरकडे जा. मला हे सगळं माहीत होतं, तरी मी केलं नाही, म्हणून सांगतेय.

फाईल

अडतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. रडली ती अशी की बाहेर आईला आणि योगेशला ऐकू गेलं. मधुमेह असलेल्या बाईच्या बाळाची शुगर जन्मल्यावर पुन्हा पुन्हा बघतात, तशी हिची टाचेला टोचून बघितली. सगळे आकडे चांगले आले.

दुसऱ्या दिवशी लहान मुलांचे एक तरुण डॉक्टर बाळाची फाईल भरायला आले. त्यांनी मला विचारलं की गरोदरपणात काही त्रास झाला होता का. मी तोंड उघडायच्या आत, बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या अक्कांनी सांगायला सुरुवात केली. कितव्या आठवड्यात शुगर निघाली, फ्लू कधी झाला, ऑक्सिजन किती दिवस लागला, फुफ्फुसांची इंजेक्शनं दोन, इन्सुलिन सकाळी किती आणि संध्याकाळी किती. डॉक्टर भराभर लिहीत होते. एकदा त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. सगळं बरोबर होतं.

शेवटी त्यांनी पेनला टोपण लावत विचारलं, "अजून काही राहिलं का आजी?"

"राह्यलं ना," अक्का बाळाचं टोपडं सारखं करत म्हणाल्या. "ह्या बाईनं मले दीड महिना काहीच सांगलं नव्हतं. ते बी लिव्हा."

डॉक्टर हसले आणि फाईल मिटून निघून गेले. त्यांनी ते लिहिलं नाही, म्हणून मी लिहिलं.